सरासरीआडचा पाऊस: पाषाणमधल्या एका संशोधनाची पार्श्वभूमी

जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत भारतात सरासरी ८७ सेंटिमीटर पाऊस पडतो. १९७१ ते २०२० या पन्नास वर्षांच्या नोंदींवरून काढलेला हा आकडा. दरवर्षी एप्रिलमध्ये हवामान खाते मोसमी पावसाचा पहिला अंदाज सांगते, तेव्हा सगळे बोलणे या आकड्याच्या टक्केवारीत होते. ९६ ते १०४ टक्के म्हणजे सर्वसाधारण. त्याखाली कमी, त्यावर जास्त. बियाण्यांच्या दुकानांपासून रिझर्व्ह बँकेपर्यंत सगळ्यांचे डोळे त्या टक्केवारीकडे असतात. आणि 'सर्वसाधारण' ठरलेल्या वर्षातही कुठे पेरणीनंतर तीन आठवडे ढग फिरकत नाहीत, तर कुठे महिन्याचा पाऊस दीड दिवसात कोसळून उभे पीक घेऊन जातो.

देशाचा पाऊस एका आकड्यात पाहण्याची ही सवय कुठून आली आणि ती मोडून पावसाचे टोकाचे रूप कोणी, कसे शोधले, याची गोष्ट बरीचशी पुण्यात घडली. तिच्या अलीकडच्या भागात एक नाव वारंवार येते: डॉ. रॉक्सी मॅथ्यू कोल. पाषाण भागातल्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले, म्हणजे आयआयटीएममधले, हे शास्त्रज्ञ. राष्ट्रीय विज्ञान पुरस्कार २०२४ साली पहिल्यांदा दिले गेले, तेव्हा भूविज्ञानासाठीच्या 'विज्ञान युवा–शांती स्वरूप भटनागर' पुरस्काराचे ते मानकरी होते. कोल मूळचे केरळचे. डॉक्टरेट जपानच्या होक्काइडो विद्यापीठाची. अभ्यासाचा मूळ विषय पाऊस नव्हे, समुद्र. अतिवृष्टीच्या प्रश्नाला समुद्राच्या बाजूने भिडलेला माणूस म्हणूनच त्यांच्या कामाकडे पाहावे लागते, आणि त्यासाठी थोडे मागे जाणे भाग आहे.

भारतीय हवामान खाते १८७५ साली सुरू झाले. त्याआधी १८६४ च्या चक्रीवादळाने कलकत्ता झोडपले होते आणि १८६६ च्या दुष्काळाने ओरिसाची दैना केली होती. खात्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड स्थिरस्थावर होतात न होतात तोच १८७६ ते १८७८ चा दुष्काळ दख्खनवर कोसळला. सरकारला खात्याकडून हवे होते ते एकच: यंदा पाऊस पुरेल की नाही? हिमालयात हिवाळ्यात किती बर्फ पडले यावरून ब्लॅनफर्ड यांनी या प्रश्नाचे उत्तर शोधले आणि १८८६ पासून हंगामी अंदाज रीतसर निघू लागले. पुढे १९०४ मध्ये गणितज्ञ गिल्बर्ट वॉकर खात्याचे प्रमुख झाले. जगभरच्या हवामानाच्या नोंदी गोळा करून त्यांतला कोणता आकडा भारताच्या पावसाबरोबर वरखाली होतो, हे त्यांनी हातांनी केलेल्या आकडेमोडीतून शोधले. त्यातूनच प्रशांत आणि हिंदी महासागरांवरच्या हवेच्या दाबाचा झोका त्यांना सापडला, ज्याला आज आपण एल निनोशी, म्हणजे प्रशांत महासागराच्या अधूनमधून होणाऱ्या तापण्याशी, जोडतो.

हे फार मोठे काम होते. पण त्याचे लक्ष्य एकच राहिले, चार महिन्यांची बेरीज. दुष्काळ हेच भय असताना बेरीज विचारणे रास्तही होते. १९२८ मध्ये खात्याचे मुख्यालय शिमल्याहून पुण्याला आले. शिवाजीनगरची ती दगडी इमारत आजही 'शिमला ऑफिस' म्हणूनच ओळखली जाते. मुख्यालय नंतर दिल्लीला गेले, पण देशभरच्या पावसाच्या नोंदींचा ठेवा पुण्यात राहिला. मला या सगळ्या इतिहासात सर्वांत मोलाचा वाटतो तो हा ठेवा. तालुक्याच्या मामलेदार कचेरीच्या आवारातला पर्जन्यमापक, सकाळी साडेआठला त्यातले पाणी मोजून वहीत लिहिणारा कारकून, आणि ती वही वर्षानुवर्षे पुढे पाठवणारी व्यवस्था. त्या कारकुनांपैकी कोणालाही हवामान बदल हा शब्द माहीत असण्याचे कारण नव्हते. पण 'कोणत्या दिवशी किती' ही नोंद त्यांनी ठेवली नसती, तर पुढचे काहीच कळले नसते.

१७ नोव्हेंबर १९६२ रोजी पुण्यात उष्णदेशीय हवामानशास्त्राची संस्था उभी राहिली. १९७१ मध्ये ती स्वायत्त झाली. पहिले संचालक पी. आर. पिशारोटी, तेही केरळचेच. त्या काळात आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम चालू होती. अनेक देशांची जहाजे या समुद्रात फिरत होती, आणि याच मोहिमेतून पुढे १९६६ मध्ये राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था जन्मली, जी आज गोव्यात आहे. मोहिमेतल्या मोजमापांवरून पिशारोटी यांनी १९६५ मध्ये एक हिशेब मांडला. पश्चिम किनाऱ्यावर येणाऱ्या वाऱ्यात जे बाष्प असते ते मुख्यतः अरबी समुद्राच्या बाष्पीभवनातून येते, असा त्याचा निष्कर्ष. तोवर समजूत अशी होती की बाष्प विषुववृत्तापलीकडून, दक्षिण गोलार्धातून वाहत येते. पुढच्या अभ्यासांनी पिशारोटींचा आकडा खाली आणला आणि विषुववृत्त ओलांडून येणाऱ्या प्रवाहाला त्याचे श्रेय परत दिले. वाद बराच चालला. पण अरबी समुद्र हा नुसता रस्ता नाही, तो बाष्पाचा साठाही आहे, ही गोष्ट पुण्यात तेव्हापासून चर्चेत राहिली. पन्नास वर्षांनी तिला वेगळाच अर्थ आला.

दरम्यान संस्थेत बी. पार्थसारथी आणि सहकाऱ्यांनी १८७१ पासूनची अखिल भारतीय पर्जन्यमालिका बांधली. देशभर विखुरलेल्या ३०६ पर्जन्यमापकांच्या नोंदींवर ती उभी आहे. मोसमी पावसावरच्या किती शोधनिबंधांना तिने आधार दिला याची गणती नाही. ती मालिका आलेखावर काढली की रेघ वरखाली होते, काही दशके ओली तर काही कोरडी दिसतात, पण शंभराहून अधिक वर्षांत एकूण कल असा दिसत नाही. त्यामुळे जग तापत असले तरी भारताचा मोसमी पाऊस मात्र स्थिर आहे, असे बराच काळ मानले गेले. निष्कर्ष चुकीचा नव्हता. तो बेरजेबद्दल होता, इतकेच.

२६ जुलै २००५ हा दिवस महाराष्ट्राला सांगावा लागत नाही. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर, आणि त्याच शहरात कुलाब्याला अवघे ७३. एका शहराच्या दोन टोकांमधला हा फरक पाहिला तरी सरासरीचा शब्द किती अपुरा आहे ते कळते. मिठी नदीकाठची घरे, लोकलमध्ये अडकलेली माणसे, गाड्यांच्या बंद काचांआड गेलेले जीव. राज्यभरात हजाराच्या आसपास माणसे त्या दिवसांत गेली. असे पाऊस वाढत आहेत का, हा प्रश्न तेव्हा सर्वांच्या तोंडी होता आणि त्याला कोणाकडेही नेमके उत्तर नव्हते.

उत्तर देता येईल अशी सामग्री मात्र त्याच सुमारास पुण्यात तयार होत होती. हवामान खात्यात एम. राजीवन आणि सहकारी देशातल्या ६,३२९ पर्जन्यमापन केंद्रांच्या दैनंदिन नोंदी चाळत होते. ज्यांच्या किमान ९० टक्के दिवसांच्या नोंदी हाती आहेत अशी १,८०३ केंद्रे त्यातून निवडली गेली आणि नकाशावर अक्षांश-रेखांशांच्या एक-एक अंशाच्या चौकटी आखून १९५१ पासूनचा प्रत्येक दिवसाचा पाऊस त्यांत बसवला गेला. ऐकायला हे कंटाळवाणे काम वाटेल. पण अतिवृष्टीच्या भारतीय संशोधनाचा खरा पाया हाच आहे. कितीही चांगले संगणकीय प्रारूप असले तरी ते तपासायला खरा, दिवसागणिक मोजलेला पाऊस लागतो.

त्या चौकटी हातात घेऊन बी. एन. गोस्वामी आणि त्यांच्या चार सहकाऱ्यांनी मध्य भारताचा १९५१ ते २००० हा काळ तपासला. डिसेंबर २००६ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात त्यांचा निबंध आला. दिवसाला १०० मिलिमीटरहून अधिक पावसाच्या घटना वाढल्या होत्या. १५० मिलिमीटरहून अधिक पावसाच्या घटना त्याहून वेगाने वाढल्या होत्या. आणि ५ ते १०० मिलिमीटरचा मध्यम पाऊस, जो जमिनीत मुरतो, ज्यावर पीक वाढते, तो कमी झाला होता. वाढ आणि घट एकमेकींना खाऊन टाकत होत्या, म्हणून हंगामाची बेरीज जिथल्या तिथे राहिली. शंभर वर्षे जो आकडा स्थिर दिसत होता, त्याच्या आत पाऊस बदलून गेला होता.

मला हा निबंध मोसमी पावसाच्या इतिहासातले एक वळण वाटतो, आणि तो ज्या साधेपणाने मांडला आहे त्याचे अजूनही अप्रूप वाटते. मोजण्याचा प्रश्न बदलला आणि समोरच असलेली गोष्ट दिसली. विदर्भ आणि मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला यातले अर्धे तरी ठाऊक होते. झड लागून आठवडाभर रिपरिप पडणारा पाऊस हल्ली होत नाही, पडला तर धो धो पडतो नाहीतर तोंड दाखवत नाही, हे बांधावरचे बोलणे आता आकड्यांत आले.

विज्ञानात मात्र एका निबंधाने प्रश्न मिटत नाही, आणि मिटूही नये. २००८ मध्ये राजीवन यांनी १०४ वर्षांच्या नोंदी घेऊन पुन्हा तपासणी केली आणि अतिवृष्टीतले चढउतार हिंदी महासागराच्या पृष्ठभागाच्या तापमानाशी जोडलेले आहेत, असे दाखवले. २०१२ मध्ये मुंबई आयआयटीचे सुबिमल घोष आणि सहकाऱ्यांनी दुसऱ्या बाजूने हरकत घेतली. मध्य भारत एकत्र धरला तर वाढ दिसते हे खरे. पण प्रत्येक चौकट सुटी पाहिली तर कुठे वाढ, कुठे घट, कुठे काहीच नाही असे चित्र येते. एकसारखा कल नाही, वाढला आहे तो ठिकाणाठिकाणांतला फरक, असे त्यांचे म्हणणे होते. शहरीकरण, जमिनीचा बदललेला वापर, डोंगरउतार अशा स्थानिक गोष्टींना त्यामुळे विचारात घ्यावे लागले. एकाच प्रश्नाची ही दोन उत्तरे, आणि दोन्ही प्रामाणिक नोंदींवर उभी.

कोल यांचे काम या टप्प्यावर या कथेत येते, पण जमिनीवरून नाही. २०१४ च्या त्यांच्या निबंधात पश्चिम हिंदी महासागर आहे. सोमालियाच्या किनाऱ्यापासून अरबी समुद्राच्या मध्यापर्यंतचा हा भाग उन्हाळी मोसमात तुलनेने थंड असतो, कारण जोरदार वारे पृष्ठभागाचे पाणी बाजूला सारतात आणि खालचे गार पाणी वर येते. बाकीचा उष्णदेशीय हिंदी महासागर आधीच ऊबदार. कोल आणि सहकाऱ्यांना दिसले ते असे की १९०१ ते २०१२ या काळात हा थंड भाग उन्हाळ्यात १.२ अंश सेल्सिअसपर्यंत तापला, तर आधीच ऊबदार असलेला भाग ०.७ अंशच. म्हणजे समुद्राच्या दोन बाजूंमधला फरकच पुसट होत होता. वाढलेले एल निनो हे त्यामागचे एक कारण त्यांनी दाखवले. आणि हरितगृह वायूंमुळे पृथ्वीवर अडकलेल्या जादा उष्णतेतली नव्वद टक्क्यांहून अधिक महासागरांतच जाते, ही पार्श्वभूमी होतीच.

पुढच्या वर्षी त्यांनी हा धागा जमिनीकडे नेला. मोसमी वारे वाहतात ते उन्हाळ्यात जमीन समुद्रापेक्षा अधिक तापते म्हणून. समुद्र झपाट्याने तापला आणि भारतीय उपखंडाची जमीन त्या वेगाने तापली नाही, तर दोहोंतली तफावत घटते आणि वाऱ्यांचा जोर ओसरतो. १९०१ ते २०१२ या काळात गंगेच्या खोऱ्यात, मध्य-पूर्व भारतात आणि हिमालयाच्या पायथ्याशी पाऊस घटला आहे, आणि त्यामागे हे कारण आहे, असे तो निबंध सांगतो. जमीन का कमी तापली याचे उत्तर देणारे इतर अभ्यास हवेतल्या सूक्ष्म कणांकडे, म्हणजे धूर आणि औद्योगिक प्रदूषणाकडे, बोट दाखवतात. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीतून आलेल्या एका अभ्यासाने २००२ नंतर मोसमी पाऊस पुन्हा सावरू लागल्याचे दाखवले. तेव्हा 'पाऊस घटत चालला आहे' हे सरळसोट वाक्य आज कोणी जबाबदार शास्त्रज्ञ म्हणत नाही. या सावधपणाला कच्चेपणा समजणाऱ्यांशी माझे मतभेद आहेत. नव्या नोंदी आल्या की आधीच्या विधानाची कड छाटायची, हीच या क्षेत्राची शिस्त आहे.

आणि मग २०१७ चा ऑक्टोबर. 'नेचर कम्युनिकेशन्स'मध्ये आलेल्या निबंधाचे पहिले लेखक कोल, आणि सहलेखकांत राजीवनही आहेत, सुबिमल घोषही आहेत. पाच वर्षांपूर्वी ज्यांनी एकसारखा कल नाही असे म्हटले होते, त्यांच्यासह हा अभ्यास झाला. त्याने प्रश्न थोडा बदलून विचारला. एखाद्या चौकटीत एक दिवस किती पाऊस पडला हे न पाहता, मध्य भारताच्या मोठ्या पट्ट्यात एकाच वेळी १५० मिलिमीटरहून अधिक पाऊस पसरून पडतो, अशा घटनांचे काय झाले? १९५० ते २०१५ दरम्यान त्या तिपटीने वाढल्या होत्या. नदीला महापूर येतो तो अशाच पावसाने. एका गावावर फुटलेल्या ढगाने ओढा फुगतो. खोरेच्या खोरे एकदम भिजते तेव्हा धरणे भरतात आणि शहरे बुडतात. आंतरराष्ट्रीय आपत्ती नोंदींचा आधार घेऊन याच निबंधात दिले आहे की त्या पासष्ट वर्षांत भारतात पुराच्या २६८ घटना नोंदल्या गेल्या, सुमारे ६९ हजार माणसे मेली आणि १ कोटी ७० लाख बेघर झाली.

कारणाचा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. मध्य भारतात पावसाला पोषक अशा बहुतेक गोष्टी त्या काळात दुबळ्या झाल्या होत्या. मोसमी वारे मंदावले होते, बंगालच्या उपसागरातून येणारे कमी दाबाचे पट्टे घटले होते, स्थानिक बाष्पही कमी झाले होते. तरी मोठा पाऊस वाढला, हे कोडे होते. उत्तर अरबी समुद्रावर सापडले. तिथून येणारे पश्चिमी वारे सरासरीत मंद झाले असले तरी त्यांची चढउतार वाढली होती. बरेच दिवस ते मरगळलेले असतात आणि मग अचानक दोन-तीन दिवस उसळतात. तापलेल्या समुद्रावरून जाताना हवा अधिक बाष्प उचलते, कारण तापमान एका अंशाने वाढले की हवेची बाष्प धरून ठेवण्याची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. हा लोंढा थेट देशाच्या मध्यापर्यंत पोचतो. इथेही सरासरी मंदावते आहे असे सांगत होती, आणि घडत होते ते तिच्या आड. पिशारोटी यांनी १९६५ मध्ये ज्या समुद्राच्या बाष्पाचा हिशेब मांडला, तोच हा समुद्र.

एक गोष्ट इथे स्पष्ट करायलाच हवी, कारण बातम्यांत तिची गल्लत होते. 'अतिवृष्टी तिपटीने वाढली' हा आकडा मध्य भारतातल्या ठरावीक चौकटीचा आहे. त्यात विदर्भ येतो, मराठवाड्याचा काही भाग येतो. मुंबई आणि कोकणपट्टी त्या चौकटीच्या पश्चिमेला, बाहेर राहतात. घाटमाथ्यावरच्या आणि किनाऱ्यावरच्या पावसाला सह्याद्रीचा स्वतःचा हिशेब असतो. त्यामुळे चिपळूणचा २०२१ चा पूर किंवा तळियेवर कोसळलेली दरड या एका आकड्याने सिद्ध झाली असे म्हणता येत नाही. २२ जुलै २०२१ च्या त्या पावसात महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटरची नोंद झाली. त्यामागेही अरबी समुद्रावरून आलेला बाष्पाचा जोरदार प्रवाह होता हे खरे. पण तापलेल्या हवामानाचा त्यातला वाटा नेमका किती, हे प्रत्येक घटनेसाठी वेगळे मोजावे लागते. शास्त्रज्ञाने सांगितलेल्या वाक्याची चौकट सोडून ते वाक्य वापरले, तर त्या वाक्याचेच नुकसान होते.

अरबी समुद्राच्या बदलाचा कोकणाला अधिक थेट बसलेला फटका वादळांचा आहे. हा समुद्र पूर्वी चक्रीवादळांच्या बाबतीत शांत मानला जाई. वादळे म्हणजे बंगालचा उपसागर, असे समीकरण होते. २०१९ मध्ये अरबी समुद्रात एकाच वर्षी पाच चक्रीवादळे झाली. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' रायगडच्या किनाऱ्यावर आले आणि श्रीवर्धन, मुरूड, दापोलीच्या नारळी-पोफळीच्या बागा एका दुपारी आडव्या झाल्या. बाग पुन्हा धरायला दहा-पंधरा वर्षे लागतात. त्या भागातल्या कुटुंबांसाठी ती एका पिढीची मिळकत होती. पुढच्याच मे महिन्यात 'तौक्ते' मुंबईजवळून गुजरातकडे गेले आणि बॉम्बे हायजवळ पी-३०५ हा तराफा बुडून कितीतरी कामगारांचा जीव गेला. त्याच वर्षी आयआयटीएमच्या मेधा देशपांडे यांच्या नेतृत्वाखालचा अभ्यास प्रसिद्ध झाला. कोल त्यात सहलेखक आहेत. १९८२ ते २००० च्या तुलनेत २००१ ते २०१९ मध्ये अरबी समुद्रातली चक्रीवादळे ५२ टक्क्यांनी वाढली, अतितीव्र वादळे १५० टक्क्यांनी वाढली, आणि बंगालच्या उपसागरात मात्र वादळांची संख्या ८ टक्क्यांनी घटली, असे त्यात आढळले. वादळांचे आयुष्यही लांबले होते.

कोल यांच्या इतर कामाचा पसारा मोठा आहे, त्यातले थोडेच सांगतो. २०१६ मध्ये त्यांनी दाखवले की पश्चिम हिंदी महासागरातल्या वनस्पती प्लवकांचे, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींचे, प्रमाण सहा दशकांत २० टक्क्यांपर्यंत घटले आहे. वरचे पाणी तापून हलके झाले की खालचे पोषक द्रव्य असलेले पाणी वर येत नाही. माशांच्या अन्नसाखळीची पहिली कडीच त्यामुळे विरळ होते. २०१९ मध्ये 'नेचर'मधल्या निबंधात हिंदी-प्रशांत महासागरांतला ऊबदार पाण्याचा पट्टा जवळजवळ दुप्पट पसरल्याचे दाखवले. विषुववृत्तावरून ढगांचा एक मोठा समूह पूर्वेकडे सरकत जातो, त्याला मॅडन-ज्युलियन ऑसिलेशन म्हणतात. पट्टा पसरल्यामुळे हा समूह आता हिंदी महासागरावर तीन ते चार दिवस कमी रेंगाळतो आणि इंडोनेशियाच्या बाजूला पाच ते सहा दिवस जास्त. पाऊस कुठे लांबतो आणि कुठे तुटतो याच्याशी या प्रवासाचा जवळचा संबंध आहे. त्याच वर्षी आलेल्या आयपीसीसीच्या, म्हणजे हवामान बदलावरच्या आंतरशासकीय समितीच्या, महासागर आणि हिमावरणावरील विशेष अहवालाचे ते एक प्रमुख लेखक होते.

२०२० मध्ये भूविज्ञान मंत्रालयाने भारतापुरता हवामान बदलाचा स्वतंत्र आढावा प्रसिद्ध केला. आर. कृष्णन यांच्या नेतृत्वाखाली आयआयटीएममध्ये तो तयार झाला. संपादकांत मिलिंद मुजुमदार आणि अश्विनी कुलकर्णी ही मराठी नावे आहेत. १९०१ ते २०१८ मध्ये देशाचे सरासरी तापमान ०.७ अंशांनी वाढले. १९५१ ते २०१५ मध्ये मोसमी पाऊस सुमारे ६ टक्क्यांनी घटला. उष्णदेशीय हिंदी महासागर त्याच काळात १ अंशाने तापला. मध्य भारतात दिवसाला १५० मिलिमीटरहून अधिक पावसाच्या घटना सुमारे ७५ टक्क्यांनी वाढल्या. २००६ पासूनच्या वादविवादातून जे टिकले ते इथे सरकारी कागदावर आले. तिप्पट आणि ७५ टक्के हे आकडे परस्परविरोधी वाटतील, तसे ते नाहीत. एक पसरून पडणाऱ्या घटनांचा आहे, दुसरा १५० मिलिमीटर ओलांडणाऱ्या सर्व घटनांचा.

या संशोधनाचा व्यवहारात उपयोग काय, हा प्रश्न गावागावांतून विचारला जातो आणि तो विचारलाच पाहिजे. २०१७ च्या निबंधाच्या शेवटी त्याचे एक उत्तर आहे. पसरून पडणारा मोठा पाऊस समुद्रावरच्या वाऱ्यांच्या उसळीशी बांधलेला असेल, तर त्याची चाहूल दोन ते तीन आठवडे आधी लागण्याची शक्यता आहे. कोणत्या गावात किती, हे इतक्या आधी कळणार नाही. पण धरणात किती जागा रिकामी ठेवायची, कापणी चार दिवस आधी उरकायची का, यासाठी तेवढी चाहूलही फार कामाची असते. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर पाण्याखाली गेले तेव्हा धरणांतला विसर्ग कधी आणि किती, यावर दोन राज्यांत जो वाद झाला तो आठवून पाहावा. रोजच्या अंदाजाच्या बाजूला आयआयटीएमनेच विकसित केलेली 'भारत फोरकास्ट सिस्टम' मे २०२५ मध्ये सुरू झाली. तिची जाळी ६ किलोमीटरची आहे. आधीची १२ किलोमीटरची होती.

सरकारी मदतीची भाषाही या विषयाशी जोडलेली आहे, आणि तिथे अजून बरेच काम बाकी आहे असे मला वाटते. महाराष्ट्रात महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात आणि पीकनुकसानीचे पंचनामे त्या निकषावर हलतात. मंडळाच्या एका यंत्रावर ही नोंद अवलंबून असते. सांताक्रूझ आणि कुलाब्यातला फरक ज्याने पाहिला आहे, त्याला एका यंत्राने पाच-पंचवीस गावांचा पाऊस ठरवणे किती जोखमीचे आहे ते सांगावे लागत नाही. शिवार एका टोकाला वाहून जाते आणि यंत्र ५८ दाखवते, असे घडू शकते. आणि मग तो शेतकरी कागदावर अतिवृष्टीग्रस्त ठरत नाही.

कोल यांच्या मूळ गावाकडे, कोट्टायम जिल्ह्यातल्या मीनच्चिल नदीच्या खोऱ्यात, लोकांनी याच उणिवेवर एक उपाय शोधला आहे. तिथे घराघरांत आणि शाळांत पर्जन्यमापक बसवले आहेत, नदीच्या पातळीच्या खुणा केल्या आहेत. डोंगरावरच्या गावात पाऊस वाढला की तो आकडा खालच्या गावांपर्यंत फोनवर पोचतो आणि पाणी येण्याआधी सामान माडीवर चढते. कोल या उपक्रमाच्या पाठीशी आहेत. अतिवृष्टीच्या शास्त्राने शाळकरी मुलांच्या हातात मोजपात्र द्यावे, असे ते सांगतात. कृष्णा, कोयना, वाशिष्ठी, सावित्री यांच्या काठांवर असे जाळे उभारायला लागणारा खर्च एखाद्या पुलाच्या कठड्याइतकाही होणार नाही.

समुद्राच्या बाबतीत पुढचे आकडे २०२४ मध्ये कोल आणि सहकाऱ्यांनी मांडले आहेत. १९५० ते २०२० या काळात उष्णदेशीय हिंदी महासागर शतकाला १.२ अंश या वेगाने तापला. २०२० ते २१०० दरम्यान, उत्सर्जन किती होते त्यानुसार, हा वेग शतकाला १.७ ते ३.८ अंशांपर्यंत जाण्याचा अंदाज आहे. सागरी उष्णतेच्या लाटा आज वर्षाला सरासरी २० दिवस असतात; त्या २२० ते २५० दिवसांपर्यंत पोचतील. यात सर्वांत जास्त तापणाऱ्या भागांत अरबी समुद्रासह हिंदी महासागराचा वायव्य भाग आहे, म्हणजे जिथून मोसमी वारे आपल्याकडे येतात तोच रस्ता.